फौजदार किती शिकलेला हवा?

आजचा विषय आमच्या बचत गटाच्या बैठकीत निघाला. वर्गणी गोळा झाली, वही लिहून झाली, चहा चुलीवर होता, तेवढ्यात आमच्या खजिनदार वहिनींनी भीत भीत तोंड उघडलं. त्यांच्या मुलीला पोलीस भरतीच्या क्लासला घालायचंय, गटातून बारा हजार कर्ज मिळेल का? पोर बी. ए.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. बारावीचा दाखला हातात आहे, म्हणजे शिपाई म्हणून भरतीला आजही उभी राहू शकते. बाप म्हणतो, नोकरी मिळतेय तर मिळू दे. मामा म्हणतो, आधी पदवी पुरी कर, मग एमपीएससी दे आणि फौजदार हो.

कर्ज द्यायला कुणाची ना नव्हती. पण आमच्यातली एकजण पटकन बोलून गेली, "शिपाई होऊ दे नायतर फौजदार. उद्या आपण ठाण्यात गेलो की तीपण आपल्याला तेच सांगणार, घरगुती भांडण आहे, घरी जाऊन मिटवा." वहिनींचा चेहरा उतरला. आम्हीही गप्प बसलो, कारण ती खोटं बोलली नव्हती. ते वाक्य आम्ही चौघींनी स्वतःच्या कानांनी ऐकलेलं होतं.

झालं होतं असं. गेल्या वर्षी भातलावणी आटोपली त्या आठवड्यात आमच्या वाडीतल्या एका सुनेला नवऱ्याने मारलं. पहिल्यांदा नव्हे, पण ह्या वेळी मनगट सुजून टम्म झालं होतं. सकाळच्या एसटीने आम्ही चौघी तिला घेऊन ठाण्यात गेलो. कोणतं ठाणं ते सांगत नाही, सांगायची गरजही नाही. समोर तरुण अधिकारी होता. पदवीधर, बोलणं स्वच्छ, कपड्यांना कडक इस्त्री. त्याने आम्हाला बसायला खुर्च्या दिल्या, हे सांगायलाच हवं. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "हे घरगुती आहे. तुमच्या गावात तंटामुक्ती समिती आहे ना? तिथे बसून मिटवा. हवं तर मी एनसी नोंदवतो." एनसी म्हणजे अदखलपात्र. नोंद होते, पण पोलीस आपणहून तपास करत नाहीत. आम्हाला तेव्हा हे कळत नव्हतं. कागद मिळतोय म्हटल्यावर आम्ही उठायलाच लागलो होतो.

बाहेर व्हरांड्यात एक हवालदार बसले होते. निवृत्तीला आलेले, चष्म्याची दांडी दोऱ्याने बांधलेली. त्यांनी सुनेच्या हाताकडे बघितलं आणि विचारलं, "ताई, बोटं हलतात का? एक्सरे काढलात?" नाही म्हटल्यावर ते आत गेले, साहेबांशी काहीतरी बोलले आणि सरकारी दवाखान्याची यादी घेऊन बाहेर आले. एक्सरे निघाला. हाड मोडलं होतं. मग सगळंच बदललं. साधी मारहाण अदखलपात्र असते, पण हाड मोडलं की कायद्याने ती गंभीर दुखापत होते, आणि ती दखलपात्र. गुन्हा नोंदवावाच लागतो. नंतर गप्पांत कळलं की ते हवालदार दहावीवर भरती झालेले होते.

आता तुम्ही म्हणाल, म्हणजे शिकलेल्यापेक्षा न शिकलेला बरा. थांबा. ह्याच ठाण्यात दोन वर्षांपूर्वी आमच्यातल्या एकीला असेच एक जुने अंमलदार भेटले होते. तिची गळ्यातली पोत एसटी स्टँडवर चोरीला गेली. त्यांनी तिला दोन तास बसवून ठेवलं आणि वर विचारलं, "एवढं सोनं घालून एकटी कशाला हिंडत होतीस?" तिची तक्रार शेवटी लिहून घेतली ती एका तरुण महिला शिपायाने. ती एम. ए. झालेली होती. लिहून झाल्यावर तिने सगळं वाचून दाखवलं, सही घेतली, प्रत हातात दिली आणि ही प्रत फुकट असते, कुणी पैसे मागितले तर देऊ नका, असंही सांगितलं.

तर मार्कशीट बघून माणूस ओळखता येत नाही, एवढं आम्हाला अनुभवाने कळलं होतं. पण मग शिक्षणाने पोलिसात काहीच फरक पडत नाही का? बारा हजार रुपयांचा प्रश्न होता, म्हणून आम्ही जरा खोलात गेलो. गावातल्या निवृत्त मास्तरांना विचारलं, तालुक्याच्या वाचनालयात बसलो, वकिलीण बाईंना दोनदा फोन केले. त्यातून जे हाती लागलं ते सांगतो.

आपल्या जिल्ह्याला पोलिसाची नोकरी नवी नाही. गेल्या शतकात मुंबईच्या पोलीस दलात रत्नागिरीकडची माणसं खूप असत. गिरणीत नाहीतर पोलिसात, असं दोनच वाटांचं बोलणं होतं. कित्येक घरांत पट्ट्याचा बिल्ला अजून ट्रंकेत सापडेल. त्या काळच्या शिपायाला उंची आणि छाती बघून घेत. लिहिता-वाचता न येणारे पुष्कळ असत. १९०२ साली इंग्रज सरकारने पोलिसांच्या कारभाराची चौकशी करायला आयोग नेमला, अँड्र्यू फ्रेझर त्याचे अध्यक्ष. पोलीस प्रशिक्षित असला पाहिजे हा विचार तेव्हापासून जोर धरू लागला. १९०६ साली पुण्याजवळ भांबुर्ड्यात, म्हणजे आजच्या शिवाजीनगरात, पोलीस प्रशिक्षणाची शाळा निघाली. पुढे ती नाशिकला हलली. आजची नाशिकची महाराष्ट्र पोलीस अकादमी ती हीच. आपले फौजदार तिथे तयार होतात.

आज शिपाई व्हायला बारावी पास लागते, फौजदार व्हायला पदवी. पण प्रत्यक्षात शिपाई भरतीला कोण येतं ते बघा. २०२४ साली राज्यात सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले होते. म्हणजे एका जागेला शंभर जण. त्यात पदवीधर होते, इंजिनिअर होते, डबल ग्रॅज्युएट होते. मैदानावर पहाटे चार वाजता रांगेत उभे राहणाऱ्या पोरांत बारावीवाले वेगळे काढायला गेलात तर कष्ट पडतील. तेव्हा शिकलेले पोलीस हवेत का, हा वाद आता जुना झाला. शिकलेलेच येतायत. ते काय शिकून येतायत, हे विचारायला हवं.

वहिनींच्या मुलीची पुस्तकं आम्ही चाळली. अंकगणित, बुद्धिमत्ता चाचणी, मराठी व्याकरण, सामान्य ज्ञान आणि चालू घडामोडी. लेखी परीक्षा शंभर गुणांची, मैदानी पन्नास गुणांची. मुलींना आठशे मीटर धावणं, शंभर मीटर धावणं आणि गोळाफेक. दोन नळ एक टाकी किती वेळात भरतात, हे तिला तोंडपाठ आहे. समास ओळखता येतो. पण दारात रडत आलेल्या बाईला पहिलं वाक्य काय बोलायचं, ह्याला त्या दीडशे गुणांत एकही गुण नाही. तो भाग निवड झाल्यावर शिकवतील असं धरलेलं आहे. शिपायाचं प्रशिक्षण नऊ महिन्यांचं असतं. त्यात कवायत आहे, हत्यारं आहेत, कायदे आहेत, आणि ते सगळं लागतंच. उरल्या वेळात माणसाशी कसं वागायचं ते.

ही तक्रार आमचीच आहे असं नका समजू. १९७१ साली केंद्र सरकारने पोलीस प्रशिक्षणावर एक समिती नेमली होती. तिचे अध्यक्ष कुणी पोलीस अधिकारी नव्हते. मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेचे प्रा. मा. स. गोरे होते, समाजशास्त्राचे अभ्यासक, पुढे मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूही झाले. १९७३ साली अहवाल आला. नुसती कवायत आणि कलमं शिकवून भागणार नाही, पोलिसाला समाज समजला पाहिजे, त्याची दृष्टी घडली पाहिजे, असा त्याचा रोख होता. पन्नास वर्षं उलटली त्याला.

ती समिती काम करत होती त्याच काळात आपल्याच राज्यात एक गोष्ट घडली. ती सांगितल्याशिवाय आम्हाला पुढे जाता येणार नाही. ऐकताना त्रास होईल, पण ऐका. मार्च १९७२. तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातलं देसाईगंज, आज ते गडचिरोलीत येतं. मथुरा ह्या नावाने देशाला माहीत झालेली एक कोवळी आदिवासी मुलगी, मोलमजुरी करून भावाजवळ राहणारी. भावाने तक्रार दिली म्हणून तिला रात्री पोलीस ठाण्यात आणलं. जबाब झाले, बाकीच्यांना घरी जायला सांगितलं आणि तिला थांबवून घेतलं. ठाण्यातच एका शिपायाने तिच्यावर बलात्कार केला, हवालदाराने विनयभंग केला, असा खटला उभा राहिला. चंद्रपूरच्या न्यायालयाने १९७४ साली दोघांना सोडलं. नागपूरला उच्च न्यायालयाने शिक्षा दिली. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सोडून दिलं. अंगावर जखमा नाहीत, आरडाओरडा नाही, म्हणजे तिने विरोध केला नाही, असा त्या निकालाचा सूर होता.

आता ह्यात शिक्षण कुठे कुठे आहे ते बघा. तो शिपाई आणि हवालदार कमी शिकलेले असतील, मान्य. पण त्यांना सोडणारे देशातले सगळ्यात शिकलेले लोक होते. रात्रीच्या वेळी, पोलीस ठाण्यात, खाकी कपड्यांपुढे एक गरीब पोर ओरडेल तरी कशी, हे त्यांना उमगलं नाही. आणि ज्यांना उमगलं तेही शिकलेलेच होते. सप्टेंबर १९७९ मध्ये कायद्याच्या चार प्राध्यापकांनी सरन्यायाधीशांना उघडं पत्र लिहिलं. उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, आणि आपल्याकडचे दोघं, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर. धाक आणि संमती ह्यांत फरक असतो, हे त्यांनी न्यायालयाला ठणकावून विचारलं. त्या पत्राने देशभर बायका रस्त्यावर उतरल्या, आणि १९८३ साली कायदा बदलला. पोलिसाच्या ताब्यात असताना बलात्कार झाला आणि बाई म्हणाली माझी संमती नव्हती, तर न्यायालयाने ते तसंच धरून चालायचं, हे त्या बदलात आलं.

त्या दिवशी वाचनालयातून परत येताना आमच्यातली एक म्हणाली, "म्हणजे बी. ए., एल. एल. बी. ही भांडी झाली. आत काय शिजतंय ते वेगळंच." आम्हाला ते पटलं, पण अर्धंच. कारण अभ्यास काय सांगतात तेही आम्ही मास्तरांकडून समजून घेतलं होतं.

अमेरिकेत १९६७ साली सरकारच्या एका आयोगाने म्हटलं की पोलिसांनी पदवीधर व्हावं. मग त्यावर खूप संशोधन झालं. २०१० साली दोन शहरांतल्या पोलिसांचा एक अभ्यास छापून आला. त्यात दिसलं की कॉलेज शिकलेले पोलीस अंगावर हात कमी टाकतात. पण कुणाला अटक करायची, कुणाची झडती घ्यायची, ह्यात शिकलेल्या-न शिकलेल्यात फरक आढळला नाही. म्हणजे शिक्षणाने हात थोडा आवरतो. हे काही कमी नाही बरं. ठाण्यात ज्याच्या पाठीत काठी बसली नाही त्याला विचारा.

आपल्या देशातला एक प्रयोग आम्हाला जास्त जवळचा वाटला. राजस्थानात २००५ ते २००८ ह्या काळात तिथल्या पोलीस खात्याने संशोधकांना बरोबर घेऊन अकरा जिल्ह्यांतल्या ठाण्यांत तो केला. काही ठाण्यांतल्या पोलिसांना तपासाचं आणि लोकांशी बोलण्या-वागण्याचं थोड्या दिवसांचं प्रशिक्षण दिलं. काही ठिकाणी बदल्या थांबवल्या. काही ठिकाणी गावातले लोक ठाण्यात येऊन बसतील अशी सोय केली. गावकऱ्यांना बसवण्याचा फारसा उपयोग झाला नाही. पण जिथे बऱ्याच पोलिसांना प्रशिक्षण मिळालं तिथे तक्रार घेऊन आलेली माणसं जास्त समाधानाने परत गेली. बदल्या थांबल्या तिथेही फरक पडला. आणि ह्यातली गंमत ऐका. संशोधकांची माणसं खोट्या तक्रारी घेऊन ठाण्यात जायची, गुन्हा नोंदवतात का ते बघायला. असे लोक येतात हे पोलिसांना कळलं, तशी नोंदणी वाढली! आलेला माणूस खरा की तपासायला आलेला, कळेना. आमच्यातल्या सासू झालेल्यांना ह्यात काही नवल वाटलं नाही. पाहुणे येणार म्हटलं की घर आपोआप झाडलं जातं.

मध्य प्रदेशातही असाच एक मोठा प्रयोग झाला, एकशे ऐंशी ठाण्यांत. काही ठाण्यांत महिलांसाठी वेगळा मदत कक्ष, बसायला आडोशाची जागा, पोलिसांना प्रशिक्षण. त्याचा निकाल २०२२ साली छापून आला. तिथे बायकांच्या तक्रारी जास्त नोंदल्या गेल्या, आणि गुन्हे दाखल होण्यातली वाढ मुख्यतः तिथे दिसली जिथे कक्ष महिला पोलीस चालवत होत्या. आपल्या राज्यात ह्याच वाटेचं काम फार आधी सुरू झालं होतं. १९८४ साली टाटा संस्थेने मुंबईच्या पोलीस आयुक्तालयात महिला व मुलांसाठी विशेष कक्ष काढला. पोलीस ठाण्याच्याच आवारात, पण बसणाऱ्या समाजकार्य शिकलेल्या बाया. पुढे सरकारने तो राज्यात अनेक जिल्ह्यांत नेला. तुमच्या जवळ असा कक्ष कुठे आहे ते विचारून ठेवा.

आता पोलिसांची बाजू. ती न सांगणं अन्यायाचं होईल, आणि आमच्या गटातल्या दोघींचे मुलगे पोलिसात आहेत, त्या आम्हाला सोडणार नाहीत. २०१९ साली कॉमन कॉज आणि सीएसडीएस ह्या दिल्लीच्या दोन संस्थांनी एकवीस राज्यांतल्या सुमारे बारा हजार पोलिसांना प्रश्न विचारले. सरासरी चौदा तास काम निघालं. निम्म्याजणांना आठवड्याची सुट्टीच नाही. गणपतीला सगळे चाकरमानी घरी येतात तेव्हा पोलिसाची आई नैवेद्याचं ताट झाकून ठेवते, हे आपण बघतोच. त्याच पाहणीत शंभरातले सदतीस पोलीस म्हणाले की किरकोळ गुन्ह्याला कोर्टात खेटे घालण्यापेक्षा पोलिसांनीच थोडी शिक्षा देऊन टाकावी. आणि बायकांच्या तक्रारी फार मोठ्या प्रमाणात खोट्या असतात असं पाचातल्या एकाला वाटत होतं. चौदा तास उभं राहून आलेल्या माणसाच्या मनात जर हे आधीच बसलेलं असेल, तर समोरच्या बाईचं ऐकायला त्याच्याकडे ना वेळ उरतो ना मन.

शिवाय जास्त शिकून खालच्या जागेवर आलेल्याचं दुखणं वेगळं. इंजिनिअर होऊन बंदोबस्ताला दोरी धरून उभं राहायचं. आमच्या ओळखीचा एक मुलगा म्हणतो, "मावशी, डोकं घरी ठेवून ड्युटीला जातो." शिक्षण वापरायला मिळालं नाही की ते सडतं, आणि मग त्याचा वास येतो तो खिडकीपाशी आलेल्या माणसाला.

आमचं मत विचाराल तर पदवीने पोलिसाला कागद वाचता येतो, नवा कायदा समजतो, चूक काढली तर ऐकून घ्यायची थोडी सवय लागते. बाकीचं तो ठाण्यात शिकतो. वरचा साहेब बाईशी कसा बोलतो, ते बघून शिकतो. त्या हवालदारांना एक्सरेची आठवण झाली ती कुठल्या पुस्तकातून नव्हे. बत्तीस वर्षांत कधीतरी कुठल्यातरी साहेबाने त्यांना ते करून दाखवलं असेल. आणि त्या तरुण अधिकाऱ्याला कुणी दाखवलं नसेल. त्याला आम्ही वाईट म्हणत नाही. पण चूक ती चूक.

कारण ऐका, वकिलीण बाईंनी नंतर सांगितलं तेव्हा आम्ही कपाळाला हात लावला. हाड मोडलं नसतं तरी त्याने एनसीवर भागवायला नको होतं. नवऱ्याने किंवा सासरच्यांनी केलेला छळ हा दखलपात्र गुन्हा आहे. पूर्वी त्याला ४९८ अ म्हणत, आता भारतीय न्याय संहितेत ते कलम ८५ झालंय. फक्त तक्रार बाईने स्वतः किंवा तिच्या नात्यातल्या माणसाने द्यावी लागते. शेजारणीने देऊन तसं चालत नाही, हे लक्षात ठेवा. सोबत जा, पण बोलू तिला द्या. आणि २००५ च्या कौटुंबिक हिंसाचाराच्या कायद्याप्रमाणे पोलिसाने तिला सांगायलाच हवं की संरक्षण अधिकारी आहेत, फुकट वकील मिळतो, संरक्षणाचा आदेश मागता येतो. ह्यातलं एक अक्षर आम्हाला कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही, कारण आम्हालाही ठाऊक नव्हतं. शिक्षण कमी पडलं ते टेबलाच्या दोन्ही बाजूंना.

आपल्या जिल्ह्यात हे जास्तच लागू आहे. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ बायका होत्या. पुरुष मुंबईत, म्हणजे बांधाचं भांडण असो, चोरी असो, नाहीतर दारूड्याचा त्रास, ठाण्याची पायरी चढायची वेळ आपल्यावरच येते. म्हणून वकिलीण बाईंनी लिहून दिलेलं थोडं सांगतो. पेन असेल तर घ्या.

१ जुलै २०२४ पासून नवे कायदे लागू आहेत. दखलपात्र गुन्ह्याची फिर्याद कुठल्याही ठाण्यात देता येते, आमच्या हद्दीत नाही म्हणून परत पाठवता येत नाही. फिर्याद वाचून दाखवायला हवी, सही त्यानंतर. प्रत फुकट. बलात्कार, विनयभंगासारखी तक्रार असेल तर ती महिला अधिकाऱ्यानेच लिहून घ्यायची. साक्षीदार म्हणून जबाबासाठी बाईला ठाण्यात बोलावता येत नाही, पोलिसांनी तिच्या राहत्या घरी यायचं. सूर्य मावळल्यापासून उगवेपर्यंत बाईला अटक करता येत नाही. अगदीच अपवाद असेल तर महिला अधिकाऱ्याने आधी न्यायदंडाधिकाऱ्यांची परवानगी घ्यावी लागते. ठाण्याने फिर्याद घेतलीच नाही तर तीच हकीकत लिहून जिल्हा पोलीस अधीक्षकांना पोस्टाने पाठवायची, आणि तिथेही दाद लागली नाही तर न्यायदंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करता येतो. पोस्टाची पावती जपून ठेवा. अडीअडचणीला फोन ११२.

आणि गावात पोलीस पाटील आहेत त्यांना विसरू नका. १९६७ च्या कायद्याने नेमलेले ते गावातले पहिले पोलीस. काही गावांत आता बायका पोलीस पाटील आहेत. आमच्या शेजारच्या गावात आहेत, आणि तिथल्या बायका रात्री-बेरात्री थेट त्यांची कडी वाजवतात.

तर आमच्या कर्जाचं काय झालं? पुढच्या बैठकीत आम्ही वहिनींच्या मुलीलाच बोलावलं. समोर बसवली आणि त्या सुनेनेच, हात मोडलेल्या, तिला विचारलं, "मी तुझ्या ठाण्यात आले तर काय करशील?" पोर गडबडली. मग म्हणाली, "काकी, आधी पाणी देईन." आम्ही हसलो. "मग?" "मग हात बघेन. यादी देईन. एनसी नाही लिहिणार." हे तिला आईने शिकवून आणलं होतं का? आणलं असेलही. आम्हाला चाललं. शिकवल्याशिवाय कुणाला काय येतं.

बारा हजार मंजूर केले, महिना पाचशे हप्ता. अट एकच घातली. भरतीत लागली तरी बी. ए. सोडायचं नाही, नाशिकच्या मुक्त विद्यापीठातून पुरं करायचं. शिपाई म्हणून लागलं तरी खात्यात राहून परीक्षा देऊन फौजदार होता येतं, तेव्हा मामाचंही राहील आणि बापाचंही. सूनही आता गटात आली आहे. तिची केस कोर्टात आहे, पुढची तारीख पुढच्या महिन्यात. आम्ही दोघी-तिघी सोबत जाणार आहोत.

मुलगी रोज पहाटे शाळेच्या मैदानावर धावते. आठशे मीटरला अजून वेळ जास्त लागतोय. अंधारात एकटी नको म्हणून आम्ही पाळ्या लावल्या आहेत. सोमवारी आणि गुरुवारी आमची पाळी, मोबाइलवर वेळ मोजायची. तुमच्या गावात कुणाची मुलगी भरतीची तयारी करत असेल तर तिला हे भाषण ऐकवा, किंवा हा अंक वाचायला द्या.